मातीखालची सोनारशाळा
प्राचीन ब्रिटनमधील रोमन व केल्टिक अलंकारांचे ठेवे



आपल्या स्मरणिकेच्या पानांवर दरवर्षी ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे, कुलदैवतांची माहिती आणि गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक वाचावयास मिळते, आणि ते उचितच होय. यंदा इतिहासविषयक काही लिहावे अशी संपादक मंडळाची सूचना झाली तेव्हा मनात आले की, ज्या सुवर्णकामावर आपल्या घराण्यांच्या कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या, तेच काम दोन हजार वर्षांपूर्वी दूरदेशी करणाऱ्या कारागिरांची ओळख वाचकांस करून द्यावी. त्यांची भाषा वेगळी, दैवते वेगळी, चालीरीती वेगळ्या. परंतु मूस, हातोडी आणि ओप देण्याचा दगड ही साधने मात्र आपल्याला परकी नाहीत.

हे कारागीर ब्रिटनमधील होत. इंग्रजांचे राज्य आपण अनुभवले. परंतु ज्या बेटावरून ते आले ते बेटही एके काळी परकीय साम्राज्याचा एक प्रांत होते, याचा आपल्याला सहसा विसर पडतो. रोमन येण्यापूर्वी तेथे केल्टिक भाषा बोलणाऱ्या टोळ्या राहत असत. याच संस्कृतीचे लोक डॅन्यूब नदीच्या खोऱ्यापासून आयर्लंडपर्यंत पसरले होते. त्यांच्या कलेला स्वित्झर्लंडमधील ला तेन या स्थळावरून ला तेन शैली असे नाव मिळाले आहे. तिच्यात सरळ रेषेला फारसा मान नाही. वेलीसारखी वळणे, शंखाकृती भोवरे आणि एकातून दुसरा उमलणारा आकार हा तिचा प्राण होय. रोमन कलेची ओढ याउलट स्पष्ट मूर्तीकडे, नेमक्या सममितीकडे आणि रेखीव मुद्रांकडे. ज्यूलियस सीझरने इ.स.पू. ५५ व ५४ मध्ये ब्रिटनवर दोन स्वाऱ्या केल्या, पुढे इ.स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसच्या सैन्याने बेटाच्या दक्षिण भागात राज्य स्थापिले.

जेत्यांची कला येते आणि जितांची कला नाहीशी होते, असा एक सोपा समज रूढ आहे. ब्रिटनच्या मातीतून निघालेले अलंकारांचे ठेवे या समजाविरुद्ध साक्ष देतात. त्यांपैकी काही निवडक ठेव्यांची साक्ष आपण येथे क्रमाने ऐकू.

स्नेटिशमची सरी

प्रथम परकीय हात लागण्यापूर्वीचे केल्टिक काम पाहावे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील नॉर्फोक परगण्यात स्नेटिशम नावाचे गाव आहे. तेथील एका शेतात १९४८ साली नांगरट चालू असता गळ्यात घालण्याची जाड कडी निघाली. १९५० मध्ये तेथेच जो अलंकार मिळाला तो आज ‘स्नेटिशमचा महान टॉर्क’ म्हणून जगप्रसिद्ध आहे. टॉर्क म्हणजे आपल्याकडील सरीसारखा, पुढून उघडा असणारा, ताठ घडणीचा कंठालंकार. केल्टिक समाजात तो सत्तेचे आणि प्रतिष्ठेचे चिन्ह मानला जाई.

या टॉर्कचे वजन एक किलोग्रॅमहून किंचित अधिक आहे. सोने रुपे-मिश्रित आहे. आठ तारा एकत्र पिळून एक दोर, आणि असे आठ दोर पुन्हा एकत्र पिळून ही सरी सिद्ध केली आहे. म्हणजे एकूण चौसष्ट तारा. दोन्ही टोकांना पोकळ कडी असून त्यांवर ला तेन शैलीची वळणे उठावदार कोरली आहेत. ज्यांनी स्वहस्ते तार ओढली किंवा पिळली असेल त्यांना चौसष्ट तारांचा पीळ सर्वत्र एकसारखा राखणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. सरीबरोबर सापडलेल्या एका नाण्यावरून ती इ.स.पू. ७५ च्या सुमारास पुरली गेली असे ठरविण्यात आले आहे.

१९९० मध्ये त्याच जागी आणखी ठेवे मिळाले. त्यांतील एका खड्ड्याची रचना मोठी चतुराईची होती. वरच्या थरात रुप्याचे व काशाचे हलके टॉर्क, त्याखाली मातीचा थर, आणि त्याच्याही खाली सोन्याचा ऐवज! कोणी खड्डा उकरलाच तर वरचा माल घेऊन समाधानाने निघून जावे, अशी ही योजना. आपल्या पूर्वजांनी भिंतीत आणि चुलीखाली डाग लपविले, त्याच जातीची ही बुद्धी होय.

घाट सरीचा, वीण गोफाची

आता दुसरी साक्ष. २००० सालच्या सप्टेंबरात दक्षिण इंग्लंडमधील विंचेस्टर नगराजवळच्या शेतात धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका गृहस्थास सोन्याचे अलंकार सापडले. ब्रिटिश म्युझियमच्या तज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास केला. दोन कंठालंकार, सोन्याच्या ब्रूचांच्या दोन जोड्या आणि दोन कंकणे असा हा संच आहे. ब्रूच म्हणजे वस्त्र खांद्यावर अडकविण्याची शोभिवंत पिन. जोडीतील दोन ब्रूच साखळीने परस्परांस जोडण्याची पद्धत होती. एकंदर सोने सुमारे १,१६० ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या मापाने जवळजवळ शंभर तोळे. काळ इ.स.पू. ७५ ते २५ च्या दरम्यानचा, अर्थात रोमन राज्य स्थापन होण्याच्या कित्येक वर्षे आधीचा.

या संचातील कंठालंकारांनी अभ्यासकांना चकित केले. दुरून पाहता ते टॉर्कच आहेत. जवळून पाहता मात्र तारांचा पीळ नाही! बारीक तारेच्या कड्या एकमेकांत ओवून विणलेली ती साखळी आहे. हाताने वळविली तर वळते. आपल्याकडील गोफाची आठवण व्हावी असेच हे काम होय. टोकांवर सूक्ष्म रवाकाम आणि तारकाम केलेले आहे. रवे सोन्याच्या पृष्ठभागावर न वितळता बसवावयाचे ही विद्या भूमध्य समुद्राकाठच्या ग्रीक व रोमन सुवर्णकारांची. ब्रिटनमधील तत्कालीन टॉर्कांत ती आढळत नाही. सोन्याचा कसही साक्ष देतो. देशी टॉर्कांच्या सोन्यात रुपे आणि तांबे मिसळलेले असे. विंचेस्टरचे सोने मात्र शुद्ध केलेले, नव्वद टक्क्यांहून अधिक कसाचे आहे.

याचा अर्थ असा की, रोमन जगातील विद्या अवगत असलेल्या सुवर्णकाराने केल्टिक ग्राहकासाठी केल्टिक घाटाचा अलंकार घडविला. घाट सरीचा, वीण गोफाची! एक कंठालंकार मोठा आणि दुसरा लहान असल्याने हा संच एका पुरुषाचा व एका स्त्रीचा असावा, आणि रोमशी मैत्री राखणाऱ्या एखाद्या राजकुळास तो भेटीदाखल आला असावा, असे अनुमान अभ्यासकांनी केले आहे. ते कसेही असो; एक गोष्ट निर्विवाद आहे. येथे विद्या बलाढ्य पक्षाची असली तरी रुची दुर्बळ पक्षाची राखली गेली. ग्राहकाला काय शोभेल याचा विचार करून जो घडवितो तोच खरा सुवर्णकार, हे तत्त्व त्या अज्ञात कारागिरास ठाऊक होते.

सैनिकांच्या छावणीत मातृदेवता

तिसरी साक्ष रोमन राज्य स्थिरावल्यानंतरची. उत्तर इंग्लंडमध्ये सम्राट हेड्रियनने इ.स. १२२ मध्ये सीमेवर प्रचंड तट बांधावयास आरंभ केला. त्या तटावरील एसिका नावाच्या किल्ल्याच्या उत्खननात १८९४ साली दरवाज्याच्या चौकीत अलंकारांचा एक ठेवा मिळाला. त्यातील सोन्याचा मुलामा दिलेल्या काशाच्या ब्रूचाचे शेपूट पंख्यासारखे पसरलेले असून त्यावरील वळणे अस्सल ला तेन शैलीची आहेत. ब्रूच म्हणून त्याची जात रोमन काळातील, परंतु अंगावरची नक्षी केल्टिक. विशेष असे की, तो ज्या किल्ल्यात सापडला त्या किल्ल्याहूनही वयाने मोठा आहे. म्हणजे लपविला गेला तेव्हा तो कोणाच्या तरी घरचा वडिलोपार्जित डाग होता. कोणा आजीने तो नातीस दिला असेल काय, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

त्याच प्रदेशातील बॅकवर्थ येथे १८१२ च्या सुमारास मिळालेला ठेवा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो तर एखाद्या देवस्थानच्या जामदारखान्यासारखा आहे. त्यात रुप्याचे एक दांडीचे पात्र असून दांडीवर सोन्याच्या अक्षरांत मजकूर आहे: फॅबियस डुबिटाटस याने हे मातृदेवतांस अर्पण केले. दात्याचे नाव रोमन, लिपी रोमन; परंतु या मातृदेवता केल्टिक व जर्मन प्रदेशांत घरोघर पूजिल्या जाणाऱ्या. त्यांच्या मूर्ती बहुधा तीन एकत्र बसलेल्या, मांडीवर फळे, भाकरी किंवा मूल घेतलेल्या असतात. आपल्या सप्तमातृकांचे स्मरण वाचकांस सहज होईल.

याच ठेव्यात सोन्याच्या साखळ्या आहेत, त्यांना चक्राकार पदक व चंद्रकोर लाविलेली आहे. चक्र हे केल्टिक लोकांच्या आकाशदेवतेचे चिन्ह होय. चंद्रकोर रोमन स्त्रिया व मुली दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात घालीत. दोन श्रद्धा एका साखळीत ओवल्या गेल्या आणि त्या साखळीस ना रोमन पुरोहिताने हरकत घेतली, ना केल्टिक मातेने. सोबत तुतारीच्या मुखासारख्या घाटाच्या, रुप्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्रूचांची एक जोडीही आहे. तिच्यावर पुन्हा तीच देशी वळणे. राज्य बदलले, कर बदलले, कायदा बदलला. परंतु सोनाराच्या हाताला लागलेले वळण बदलले नाही.

सोनाराचे मडके

आतापर्यंतचे ठेवे अलंकार वापरणाऱ्यांचे होते. चौथी साक्ष प्रत्यक्ष घडविणाऱ्याची आहे, आणि आपल्या ज्ञातीस ती सर्वांत जवळची वाटेल. ज्या स्नेटिशमच्या शेतात महान टॉर्क मिळाला त्याच गावात १९८५ साली घराचा पाया खणताना मातीचे एक भांडे निघाले. त्यात साडेतीनशेच्या आसपास वस्तू होत्या. काळ इ.स. १५५ च्या सुमाराचा. तज्ज्ञांनी पाहणी केली तेव्हा उमगले की, हा कोणा श्रीमंताचा खजिना नसून एका कष्टकरी सुवर्णकाराचे संपूर्ण दुकान आहे!

त्यात रुप्याच्या सर्पाकृती अंगठ्या आणि कंकणे होती. काही पूर्ण, काही मोडलेली. चक्र व चंद्रकोर असलेल्या साखळ्यांचे भाग होते. रुप्याच्या लगडी होत्या, सोन्यारुप्याची मोड होती, ओप देण्यासाठी गारेचा एक दगड होता. तांबड्या अकिकाचे शंभराहून अधिक कोरीव खडे होते. त्यांपैकी बहुतेक अजून कोंदणात बसावयाचे होते. खड्यांवर समृद्धीच्या व भाग्याच्या रोमन देवता कोरलेल्या असून, कोरणीच्या धाटणीवरून निदान तीन निरनिराळ्या कारागिरांचे हात ओळखता आले आहेत. हत्याराच्या खुणेवरून माणूस ओळखता येतो, हे आपल्या जुन्या जाणत्यांनाही ठाऊक होतेच.

नाण्यांची गोष्ट तर फार बोलकी आहे. मडक्यातील रुप्याच्या नाण्यांत सर्वाधिक नाणी सम्राट डोमिशियनची (कारकीर्द इ.स. ८१ ते ९६), म्हणजे पुरली गेली तेव्हा साठ-सत्तर वर्षांची जुनी होती. असे का? डोमिशियनच्या नाण्यांतील रुप्याचा कस नंतरच्या सम्राटांच्या नाण्यांहून चांगला होता. आमच्या या स्नेटिशमच्या सोनाराने बाजारातून नेमकी चांगल्या कसाची नाणी निवडून ठेविली होती. ती मुशीत घालून त्यांच्या अंगठ्या करावयाच्या होत्या. सम्राटाच्या मुखवट्याचे त्याला अप्रूप नव्हते, धातूचे होते.

या मडक्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. स्नेटिशम हा आयसीनी टोळीचा मुलूख. याच टोळीच्या बूडिका राणीने इ.स. ६० किंवा ६१ मध्ये रोमनांविरुद्ध उठाव करून त्यांची नगरे जाळली. २०१४ साली कोल्चेस्टर येथील एका मोठ्या दुकानाखालच्या उत्खननात, त्या आगीत भस्म झालेल्या घराच्या जमिनीत एका रोमन कुटुंबाने घाईघाईने पुरलेले सोन्याचे कंकण, कर्णभूषणे आणि नाणी मिळाली. ती काढून घेण्यास कोणी परत आले नाही. उठाव निर्दयपणे मोडला गेला. त्यानंतर शतकभराच्या आतच त्याच मुलखातील सुवर्णकार रोमन मुद्रांच्या अंगठ्या आणि चंद्रकोरीबरोबर केल्टिक चक्राच्या साखळ्या शेजारी शेजारी घडवीत बसला होता. इतिहासग्रंथांत या सलोख्याचा उल्लेख नाही. तो एका मडक्यात जपला गेला.

या व्यवहारापासून आपली महाराष्ट्रभूमी अगदीच दूर नव्हती. इ.स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तांतात पैठणहून गोमेदासारखे पुष्कळ मौल्यवान खडे गाड्यांतून भडोच बंदरात जात आणि तेथून रोमन जहाजांवर चढत, असे नमूद आहे. तगर म्हणजे आजचे तेर हेही त्यात येते. हिंदुस्थान दरवर्षी आपले निदान पाच कोटी सेस्टर्स नेतो अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने करून ठेविली आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात मिळालेली समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती हा त्याच व्यापाराचा पुरावा होय. एकाच साम्राज्याच्या एका टोकाला स्नेटिशमचा सोनार अकिकाला कोंदण करीत होता, तर त्याच साम्राज्याच्या बाजारासाठी पैठणचा व्यापारी खडे गाड्यांत भरीत होता.

जे वितळले ते गेले

अखेरची साक्ष थोडी खेदजनक आहे. १९७९ साली नॉर्फोकमध्येच थेटफर्ड येथे चौथ्या शतकातील ठेवा मिळाला: बावीस सोन्याच्या अंगठ्या, रुप्याचे तेहेतीस चमचे आणि इतर अलंकार. बऱ्याच अंगठ्या न वापरलेल्या, जणू दुकानातूनच आलेल्या. चमच्यांवर रोमन वनदेव फॉनस याचे नाव, आणि त्यास जोडून स्थानिक केल्टिक उपनावे. आपल्याकडे ग्रामदैवतास पुराणांतील देवाचे नाव जोडतात तसाच हा प्रकार. परंतु शोधणाऱ्याने ही गोष्ट लपवून ठेविली. तज्ज्ञांस कळेपर्यंत त्या जागेवर इमारत उभी राहिली होती. ठेवा कशात होता, शेजारी काय होते, मंदिर होते की घर होते, हे सांगणारी माती कायमची झाकली गेली. वस्तू हाती आल्या, त्यांची हकिकत गेली.

येथे मला एक गोष्ट कबूल करावीशी वाटते. या ठेव्यांविषयी वाचताना वारंवार मनात येत होते की, हे अलंकार वाचले ते केवळ त्यांचे मालक परत आले नाहीत म्हणून. परत आले असते तर आज ना उद्या ते मुशीत गेले असते. स्नेटिशमच्या सोनाराच्या मडक्यातील ती मोड म्हणजे त्याच्याही आधीच्या कोणा सोनाराची कलाच होती. सुवर्णकार हा सुवर्णकलेचा जन्मदाता खरा. परंतु तिचा संहारही त्याच्याच हातून होत आला आहे.

माझ्या आजीची एक सरी होती. ती तिला तिच्या आजीकडून आलेली. थोरल्या बहिणीच्या लग्नात पाटल्या करावयाच्या म्हणून वडिलांनी ती स्वतः मोडली. त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही. मुलीचे लग्न उभे होते आणि घरात दुसरे सोने नव्हते. मूस फुंकताना ते मला म्हणाले होते, “असा पीळ आता मला जमणार नाही.” त्या सरीचा फोटो नाही, वजनाची नोंद नाही, घडविणाऱ्याचे नाव नाही. पुढे त्या पाटल्याही मोडल्या गेल्या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या परदेशी सरीत किती तारा होत्या हे मी आपणास सांगू शकतो. माझ्या आजीच्या सरीत किती होत्या हे सांगू शकत नाही.

म्हणून नम्र विनंती अशी. घरातील जुना डाग मोडू नये असे कोणी कोणास सांगू शकत नाही. अडचण ही अडचण असते. परंतु मोडण्यापूर्वी त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्यावा, वजन व माप लिहावे, तो कोणाचा, कोठे आणि कोणी घडविला हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून टिपून ठेवावे. जुने ठसे, साचे, हिशेबाच्या वह्या आणि वडिलांची हत्यारे भंगारात टाकू नयेत. आपल्या संस्थेने या नोंदींसाठी एक वही ठेविली आणि दरवर्षी स्मरणिकेत त्यांतील चार पाने छापली तर थोड्याच वर्षांत एक अमोल ग्रंथ तयार होईल. तसेच पाया खणताना अगर शेत नांगरताना कोणास पुरातन ठेवा मिळाला तर तो लपवू नये. १८७८ च्या निधिविषयक कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. थेटफर्डची चूक आपल्या गावात होऊ नये.

विंचेस्टरचा, बॅकवर्थचा आणि स्नेटिशमचा, या तिन्ही सुवर्णकारांपैकी एकाचेही नाव आज कोणास ठाऊक नाही. राजांची व सेनापतींची नावे ग्रंथांत राहिली. ज्यांनी जेत्यांची आणि जितांची रुची एका कोंदणात बसविली त्यांची राहिली नाहीत. आपल्या वाडवडिलांच्या बाबतीत तरी असे घडू नये, आणि ते घडू न देणे अद्याप आपल्या हाती आहे, एवढेच सुचवून हा लेख पुरा करतो.